ग्रहणकाळी बंद असलेली दारे

चमत्कारांचे युग संपले, असे आमचे काही सुशिक्षित मित्र मोठ्या समाधानाने सांगत असतात. त्यांस आमची एवढीच विनंती आहे की, त्यांनी कोणत्याही अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कलबुर्गी शहराच्या एखाद्या चौकात उभे राहावे आणि पायाखाली पाहावे. कापून कुंकू भरलेली लिंबे, हळद माखलेला नारळ, चुरा झालेला कोहळा, क्वचित एखादी सुया टोचलेली कणकेची बाहुली. आणि ह्या साऱ्याला शिताफीने वळसा घालून कचेरीकडे धावणारी नव्या युगाची वाहने! अशाच एका चौकात फुटलेल्या कोहळ्यावरून घसरून पडलेल्या एका तरुण मोटारसायकलस्वारास आम्ही स्वतः हात देऊन उठवले आहे. त्याच्या गुडघ्यातून रक्त येत होते. तो कोहळा कोणीतरी आपल्या नव्या गाडीस अपघात होऊ नये म्हणून ओवाळून फोडलेला होता.

खेडे हे अंधारात राहते आणि शहर उजेडात, ही समजूत आता सोडून द्यावी. भानामतीचे नाव काढले की मराठवाड्यापासून बिदर-कलबुर्गीपर्यंतच्या आमच्या साऱ्या भागात माणसे आवाज खाली आणतात. पण ज्या वाड्यांतून आणि वाड्या-तांड्यांतून तिच्या कथा निघत, ते मागे राहिले आणि कथा मात्र शहरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत राहावयास आली. तेथे आता दार आपोआप वाजते, दुधाला वास येतो, मुलगा परीक्षेत नापास होतो, आणि त्या सर्वांचे कारण एकच निघते : कोणीतरी केले आहे. खेड्यातला भगत काही साधुपुरुष नव्हता. तोही लोकांच्या भीतीवरच जगत असे. परंतु त्याचे घर कोठे आहे हे सर्वांस ठाऊक असे, त्याचा उतारा चुकला तर चार माणसे त्याला पारावर बोलावून जाब विचारीत, आणि त्याचा मोबदला सूपभर जोंधळ्यापलीकडे सहसा जात नसे. शहरातल्या त्याच्या वारसाला नाव नाही, गाव नाही. त्याची भेट मोबाइलच्या पडद्यावर होते, पैसे आगाऊ भरावे लागतात, आणि करणी उलटली नाही तर दाद मागावयाची ती कोणाकडे? पूर्वी अकरा पोस्टकार्डे लिहावयास सांगणारी पत्रे येत. आता तोच मजकूर अकरा जणांस पुढे धाडण्याच्या आज्ञेसह पहाटे पाच वाजता खिशात येऊन थडकतो. पूर्वी निदान अकरा कार्डांची किंमत आणि हस्ताक्षराचे श्रम पडत, म्हणून दहातले नऊ जण कंटाळा करीत. त्या आळसाचे समाजावर केवढे उपकार होते, हे आज कळते.

आमचे भांडण अद्भुताशी नाही, हे येथेच सांगून टाकलेले बरे. नाहीतर आम्हांस कोरड्या बुद्धिवाद्यांच्या पंक्तीला बसवण्यात येईल. आम्ही देवळाची पायरी चढणारे लोक आहोत. किंबहुना आमची तक्रार अशी आहे की, ह्या भागातल्या शहरांत जेवढे अद्भुत पायाखाली, भिंतीत आणि बाजारात पडून आहे, तेवढ्याकडे पाहण्याची आमची दृष्टी गेली आहे. आणि जी दृष्टी गेली तिच्या जागी आम्ही विकतची भीती बसवली आहे.

किनाऱ्यावरच्या आमच्या कोंकणी वाचकांपैकी पुष्कळांनी बिदर पाहिले नसेल. त्यांस एक गोष्ट सांगितली तर नवल वाटेल. ज्या जांभ्या दगडाचे चिरे त्यांच्या घरांच्या भिंतींत आहेत, तोच जांभा समुद्रापासून शेकडो मैल आत, दोन हजार फुटांहून उंच असलेल्या बिदरच्या पठाराच्या माथ्यावर पसरलेला आहे. त्याच्या खाली दख्खनचा काळा कातळ आहे. जांभा सच्छिद्र, तो पाऊस पिऊन घेतो. काळा कातळ ते पाणी सहजी खाली जाऊ देत नाही. मग हे पाणी दोहोंच्या सांध्यावरून, अंधारात, अत्यंत सावकाश पुढे सरकत राहते, आणि पठाराची कड जेथे तुटते तेथे झरा होऊन बाहेर येते. पापनाशाच्या शिवालयाजवळचा झरा असा आहे. गुरू नानकांच्या आगमनाची कथा ज्याच्याशी जोडलेली आहे तो नानक झिऱ्याचा गोड्या पाण्याचा प्रवाह असाच आहे. आणि असाच आहे तो झरणी नरसिंहाचा झरा, जेथे भक्त सुमारे तीनशे मीटर लांबीच्या गुहेतून, कधी कमरेइतक्या तर कधी छातीइतक्या पाण्यातून, डोक्यावर वटवाघळे लोंबत असता, नामस्मरण करीत देवापर्यंत चालत जातो. हिरण्यकशिपूच्या वधानंतर नरसिंहाने झरासुरास मारले, मरताना त्याने देवास येथेच राहण्याची प्रार्थना केली, आणि तो स्वतः पाणी होऊन देवाच्या पायांशी वाहू लागला, अशी तेथली कथा आहे. पुढे गुहेत विजेचे दिवे आले, हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था झाली. तरी त्या पाण्यात पहिले पाऊल टाकताना ज्याचा श्वास क्षणभर अडत नाही असा मनुष्य आम्ही पाहिलेला नाही.

आता कोणी म्हणेल की, जांभा आणि कातळ सांगितलात म्हणजे झरासुराची कथा गेली. आमचा अनुभव उलट आहे. त्या पाण्याचे कारण आम्हांस प्रथम एका भूगोलाच्या शिक्षकांनी समजावून दिले, आणि त्यानंतर आम्ही झरणीत उतरलो तेव्हा प्रथमच आमच्या मनात आले की, हे छातीला लागणारे पाणी पठारावर कधी पावसाच्या रूपाने पडले असेल, आणि किती काळ अंधारात चालून ते येथवर आले असेल! आम्ही त्या पाण्यातून अर्धा तास चाललो. ते पाणी आमच्याकडे चालत येत होते त्याचा काळ आम्हांस मोजता येईना. कथेला धक्का लागला नाही. आमचा उद्धटपणा मात्र थोडा कमी झाला.

पंधराव्या शतकात बहामनी राजांनी बिदरला राजधानी आणली, तेव्हा इराणातून आलेली विद्या वापरून ह्याच पाण्याला भूगर्भातून वाट करून देण्यात आली. नौबादचा तो करेझ म्हणजे जमिनीखालचा, मैलाहून अधिक लांबीचा बोगदा आहे. वरून ठरावीक अंतरावर विहिरींसारखी उभी विवरे, आणि आत उतारावरून मोट, रहाट, पंप ह्यांपैकी कशाच्याही साहाय्यावाचून वाहणारे पाणी. पुढे पिढ्यान्‌पिढ्या लोक त्या विवरांना पडक्या विहिरी समजत राहिले, त्यांत केरकचरा टाकत राहिले. चालू शतकाच्या दुसऱ्या दशकात अभ्यासकांनी त्याची मोजणी केली, गाळ उपसला गेला, २०१४ साली बिदरच्या ऐतिहासिक नगराचे नाव संकटग्रस्त वारशांच्या जागतिक सूचीत आले, तेव्हा कोठे आमच्या लोकांनी खाली वाकून पाहिले. शहराखाली नदी वाहत होती, आणि वरचे लोक तिच्यात केर लोटून आपल्या घराच्या वास्तुदोषावर सल्ला विकत घेत होते.

बिदरी कामाची गोष्ट तर बाजारातच घडते. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, त्यावर नक्षी खोदून चांदीची तार ठोकून बसवतात. ह्या वेळेपर्यंत भांडे एकरंगी, फिके असते. चांदी कोठली आणि जस्त कोठले हे कळतही नाही. मग किल्ल्याच्या जुन्या भागातली, वर्षानुवर्षे ऊनपाऊस न लागलेली माती नवसागराच्या पाण्यात कालवून ते त्यात घोळवतात, आणि पाहता पाहता सारे भांडे काळेभोर होते, चांदी मात्र तशीच लखलखत राहते. ती माती योग्य आहे की नाही हे कारागीर जिभेवर ठेवून ओळखतो! त्यातल्या क्षारांनी जस्त काळवंडते व चांदी काळवंडत नाही, हे त्याचे कारण. कोणा बाबाने हेच काम मंत्र पुटपुटत व पडद्याआड केले असते, तर त्याचा मठ झाला असता. कारागीर उघड्या दुकानात, सर्वांसमक्ष करतो; म्हणून आम्ही त्याच्याशी भावावरून घासाघीस करतो.

शहरी मनाला चमत्कार कसा लागतो, ह्याचे दोन दाखले सर्वांच्या आठवणीत असतील. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपती दूध प्याला. ही वार्ता टेलिफोनवरून पसरली, एस.टी.डी. बूथ जेथे दाट, तेथे देवापुढच्या रांगा लांब. द्रवाच्या पृष्ठताणामुळे चमच्यातले दूध ओढले जाते व मूर्तीवरून पातळ ओघळाने खाली उतरते, हे शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून त्याच दिवशी दाखवले. पण तोवर दुधाचा ओहोळ गटारास मिळाला होता. पुढे ऑगस्ट २००६ मध्ये मुंबईत माहीमच्या समुद्राचे पाणी गोड झाले म्हणून लोकांनी ते बाटल्या भरभरून नेले, लहान मुलांस पाजले. पावसाळ्यात मिठी नदीचे पाणी जेथे खाडीला मिळते तेथे खारटपणा कमी व्हावा ह्यात नवल काय, आणि ते पाणी किती घाणेरडे होते ह्याचा विचार कोणी करावयाचा? नगरपालिकेने पिऊ नका म्हणून सांगितले. पिणाऱ्यांत शिकलेले लोक कमी नव्हते. ह्या दोन्ही वेळी, एवढे तरी समाधान मानता येते की, नासले ते दूध आणि बिघडली ती पोटे.

कलबुर्गीत त्याहून वाईट घडले.

२६ डिसेंबर २०१९, गुरुवार, मार्गशीर्ष अमावास्या. दत्तजयंती होऊन पंधरवडा लोटला होता. त्या सकाळी सूर्यग्रहण होते. मंगळूरच्या किनाऱ्यावर कंकणाकृती, आमच्याकडे खंडग्रास. आठच्या सुमारास लागले, अकरा वाजून गेल्यावर सुटले. त्या वेळात कलबुर्गी शहराच्या वेशीलगत, ताजसुलतानपूर येथे काही अपंग बालकांना त्यांच्या आईबापांनी गळ्यापर्यंत मातीत पुरून ठेवले. ग्रहणकाळी असे केले म्हणजे व्यंग जाते, अशी समजूत. मुलांची नुसती डोकी जमिनीवर दिसत आहेत अशी छायाचित्रे दुसऱ्या दिवशी देशभरच्या वृत्तपत्रांत छापून आली. जेथे हे घडले तेथून वैद्यकीय महाविद्यालये, विद्यापीठ, आणि शेकडो देवळे ह्यांचे अंतर काही मैलांचे आहे.

त्या छायाचित्रांकडे पाहून साऱ्या देशाने हळहळ केली आणि त्या आईबापांस मूर्ख ठरवले. आम्हांस तसे करता आले नाही, आणि त्याचे कारण आम्ही येथे लिहून ठेवतो. आम्ही ह्या शहरातल्या एका देवळाच्या पंचमंडळात आहोत. आदल्या संध्याकाळी, बुधवारी, देवळाच्या फाटकावर ग्रहणानिमित्त दर्शन बंद असल्याची पाटी लावण्यात आली, त्या निर्णयावर आमचीही सही होती. पाटी लावली जात असतानाच एक बाई कडेवर सहा-सात वर्षांचे मूल घेऊन आली. एवढे मोठे मूल कडेवर का, हे त्याच्या लोंबणाऱ्या पायांवरून कळत होते. तिने विचारले, "सामी, उद्या गिराण लागतंय. लेकराला काय करू?" तिला उत्तर मिळाले की, ग्रहण सुटल्यावर, देऊळ धुऊन झाल्यावर, दुपारी ये. ती थोडा वेळ उभी राहिली आणि निघून गेली. ती ताजसुलतानपूरला गेली असे आम्ही म्हणत नाही. तसे समजण्यास आमच्यापाशी काहीही आधार नाही. परंतु तिचा प्रश्न स्पष्ट होता, आमच्यापुढेच विचारला गेला होता, आणि त्याचे उत्तर "काही करू नकोस बाई, त्याला जवळ घेऊन बस" एवढे सोपे होते. ते आमच्यापैकी कोणाच्याही तोंडून निघाले नाही. आम्ही वेळापत्रक सांगितले. ज्याने कोणी त्या आयांस उत्तर दिले, त्याने "दुपारी ये" असे म्हटले नाही. तो त्यांच्यासाठी वेळेवर हजर होता. भोंदूंचा व्यापार कशावर चालतो म्हणून विचारणाऱ्यांनी ह्याचा विचार करावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घरी होतो. दारे-खिडक्या बंद, पाण्याच्या हंड्यावर तुळशीपत्र, लोणच्याच्या बरणीवर दर्भ. शेजारच्या आजींचा आनंदी आवाज भिंतीपलीकडून आला, "अहो, मुसळ उभारलंय बघा परातीत! या की बघायला!" मुसळ फक्त ग्रहणातच उभे राहते अशी त्यांची खात्री होती. (पुढल्या आठवड्यात, कोणतेही ग्रहण नसता, त्याच परातीत तेच मुसळ आम्ही त्यांच्या देखत उभे केले. बूड सपाट असले की मुसळ केव्हाही उभे राहते. आजींनी ते नीट पाहिले आणि म्हणाल्या, "उभारलं खरं, पण त्या दिवशीवानी नाही ओ." ह्या उत्तरावर आमच्यापाशी आजही प्रत्युत्तर नाही.) आजींस हाक देऊन वळतो तो मधल्या अंधाऱ्या खोलीच्या भिंतीवर आमची नजर गेली. खिडकीच्या जुन्या फळीत एक खिळ्याचे भोक आहे. त्यातून रोज एक वाटोळा कवडसा समोरच्या भिंतीवर पडतो; पन्नास वर्षांत आम्ही त्याकडे कधी लक्ष दिले नव्हते. त्या सकाळी तो कवडसा वाटोळा नव्हता. भिंतीवर चंद्रकोर होती. बाजूने कोणीतरी चावा घेतल्यासारखी, किंचित थरथरणारी, उलटी. पाहता पाहता ती बारीक झाली, आणि पुढे पुन्हा भरू लागली. सूर्य पाहावयाचा नाही म्हणून आम्ही सारी दारे लावली, आणि लावलेल्या दाराच्या भोकातून सूर्यानेच आपले ग्रहण आमच्या भिंतीवर काढून दाखवले!

नंतर समजले की हे आमच्या घरापुरते नव्हते. बारीक भोकातून पडणारा प्रत्येक कवडसा हे सूर्याचे चित्रच असते. एरवी सूर्य वाटोळा म्हणून कवडसे वाटोळे. त्या सकाळी जेथे जेथे ऊन होते तेथे प्रत्येक पिंपळाखाली, प्रत्येक कडुनिंबाखाली, पानापानांच्या फटींतून शेकडो कोरी जमिनीवर पडल्या असणार. आमच्या देवळाच्या अंगणात पिंपळाचा मोठा पार आहे. तेथेही त्या पडल्या असतील. फाटकाला कुलूप होते. आणि त्याच जमिनीवर, त्याच उन्हात, शहराच्या वेशीपाशी लेकरांची डोकी होती.

देवळे ग्रहणात बंद ठेवण्याची चाल जुनी आहे, आणि गाभारा बंद ठेवण्याबद्दल आम्ही वाद घालत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्या पंचांगाच्या आधाराने आपण दार लावतो, ते पंचांग म्हणजे काय? सोलापूरचे दाते पंचांग आमच्या भागात घरोघर असते. ग्रहण किती वाजता लागेल, मध्य केव्हा, मोक्ष केव्हा, हे त्यात आगाऊ छापलेले असते आणि ते तसेच घडते. ते घडते, कारण सूर्य व पृथ्वी ह्यांच्यामध्ये चंद्र येतो हे जाणून गणित केलेले असते. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास ग्रहणाचे कारण सावलीत आहे हे सांगितले. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये 'ग्रहलाघव' रचून ते गणित इतके सुलभ केले की पुढे शतकानुशतके गावोगावचे जोशी त्यावरून ग्रहणे काढीत. गणेश दैवज्ञ नास्तिक नव्हते. तेव्हा राहूच्या भीतीने मूल पुरणारा मनुष्य आपल्या परंपरेला चिकटून राहिला आहे, आणि आकाशाकडे पाहा म्हणणारा मनुष्य परंपरा बुडवतो आहे, हे म्हणणे आम्हांस मान्य नाही. आम्ही पंचांगातली वेळ तेवढी घेतली आणि ती वेळ काढणाऱ्याचे डोके परत केले.

आता गाणगापुराविषयी, कारण ह्या विषयावर बोलू लागले की कोणीतरी गाणगापूर पुढे करतोच. भीमा-अमरजेच्या संगमावरचे ते क्षेत्र ह्याच कलबुर्गी जिल्ह्यात आहे. गाणगापूर रोडच्या फलाटावर उतरणाऱ्यांत मराठी यात्रेकरू किती असतात हे सांगावयास नको. तेथे आरतीच्या वेळी घुमणारी, खांबांना धरून आक्रंदणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांची वेदना खोटी नसते. ती थट्टेचा विषय नव्हे, आणि गर्दीने पाहत उभे राहण्याचाही नव्हे. त्यांना आरतीच्या जोडीला वैद्यही हवा असतो. परंतु नृसिंहसरस्वतींचा आधार घेऊन ज्यांनी बाहेर दुकाने मांडली, त्यांस आम्ही विचारतो की, तुम्ही 'गुरुचरित्र' वाचले आहे काय? सप्ताहाला बसून पुरे करणे वेगळे. त्या ग्रंथात चमत्कार पानोपानी आहेत. वांझ म्हैस दूध देते. वैदुरानगरच्या, म्हणजे आमच्या बिदरच्या, यवन राजाची पीडा गुरू दूर करतात. पण एकाही ठिकाणी गुरू कोणाला भिववून द्रव्य घेत नाहीत. कुष्ठाने पीडलेल्या नरहरीला त्यांनी काय सांगितले? वाळलेले लाकूड संगमावर रोव आणि त्याला रोज पाणी घाल. लोक हसले. तो पाणी घालीत राहिला. त्या कथेतले पाणी नरहरीने स्वतः, स्वतःसाठी वाहिले. कोणाच्या लेकराला खड्ड्यात उभे केले नाही.

आणि त्या क्षेत्राचे खरे अद्भुत आमच्या मते मध्यान्हीच्या माधुकरीत आहे. दत्तात्रेय दुपारी कोणत्या तरी वेषाने तेथे भिक्षेस येतात, ही श्रद्धा. म्हणून यात्रेकरू स्वतः झोळी घेऊन पाच घरी भिक्षा मागतो, आणि स्वतःही वाढतो. कोण कोणाला वाढतो आहे हे कळू नये अशीच ती योजना आहे. समोरचा फाटका मनुष्य कोण असेल हे सांगता येत नाही, म्हणून त्याला विन्मुख धाडता येत नाही. एवढी विलक्षण गोष्ट रोज दुपारी, फुकट, उघड्यावर घडते. तीच दृष्टी घेऊन आम्ही कलबुर्गीला परत का येत नाही? बुधवारी संध्याकाळी आमच्या फाटकाशी, कडेवर मूल घेऊन कोण उभे होते?

कायदा आहे की, असे काही जण म्हणतील. कर्नाटकात अमानुष प्रथा व जादूटोणा ह्यांविरुद्ध २०१७ साली कायदा संमत झाला आणि जानेवारी २०२० पासून अमलात आला. ताजसुलतानपूरच्या घटनेनंतर थोड्याच दिवसांत. महाराष्ट्रात तो २०१३ साली आला, नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर. असा कायदा म्हणजे हिंदू धर्मावर घाला, अशी ओरड दोन्हीकडे झाली. ती ओरड करणाऱ्यांत आमच्या ओळखीचे, देवळात नित्य भेटणारे लोक होते. म्हणून आम्ही कर्नाटकचा कायदा काय म्हणतो ते पाहिले. प्रदक्षिणा, यात्रा, हरिकथा, कीर्तन, भजन, कान टोचणे, ह्यांतल्या कशालाही त्याचा अडथळा नाही. ज्योतिष व वास्तू ह्यांच्या सल्ल्यालासुद्धा त्याने सूट दिली आहे, आमच्या मते गरजेपेक्षा अधिक उदारपणे! मग धर्मावर घाला तो कोठे पडला? ज्यांना कीर्तन आणि करणी एकाच पारड्यात घालून तोलावीशी वाटतात, धर्माचा अपमान त्यांनी केला आहे. तथापि कायद्यावर भिस्त ठेवून स्वस्थ बसणाऱ्यांशीही आम्ही सहमत नाही. पोलीस येतात ते मूल खड्ड्यात गेल्यावर. ती बाई आदल्या संध्याकाळी पोलिसांकडे गेली नव्हती. देवळात आली होती.

म्हणून आम्ही आमच्या पंचमंडळापुढे एक साधा ठराव मांडला. २ ऑगस्ट २०२७ रोजी आपल्या भागातून दुपारनंतर खंडग्रास सूर्यग्रहण दिसावयाचे आहे. त्या दिवशी सोमवार आहे आणि आषाढी अमावास्या, म्हणजे दिव्यांची अवस आहे. ठराव असा की, गाभारा रूढीप्रमाणे बंद राहील. अंगण मात्र उघडे राहील. आदल्या दिवशी फाटकावर पाटी लावावी : ग्रहणात मुलांस काहीही करावयाचे नाही, त्यांना घेऊन पाराशी या. पिंपळाखाली धुतलेले पांढरे धोतर अंथरावे. स्वयंपाकघरातली पिठाची चाळणी आणावी. तिच्या प्रत्येक भोकातून एकेक कोर पडेल, आणि सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहण्याचा धोकाही कोणी पत्करावयास नको. आषाढात आभाळ असेल तर काही दिसणार नाही. मग ओवरीत भजन ठेवावे आणि कोणा शिक्षकास बोलावून चार शब्द सांगावयास लावावे. ज्यांची मुले चालू शकत नाहीत, त्यांना घरून आणण्यासाठी दोन रिक्षा ठरवाव्यात. त्या आयांशी बोलावयास एखाद्या डॉक्टरीणबाईंना पाराशी बसवावे, आणि उपचार कोठे मिळतात, सरकारी साहाय्य कसे मिळते, हे त्यांच्याकडून सांगवावे. खर्च रिक्षाभाड्याचा आणि चहाचा.

बैठकीत ह्यावर बराच वेळ चर्चा झाली. एक वृद्ध सभासद म्हणाले, शास्त्रात बसत नाही. कोणत्या शास्त्रात, असे आम्ही विचारले, तेव्हा ते म्हणाले की, पाहून सांगतो. दुसऱ्यांनी विचारले, ग्रहणात बायका पोरे घराबाहेर काढून उद्या कोणाला काही झाले तर दोष देवळावर येईल. आम्ही म्हटले, २०१९ साली दोष कोणावर आला? खजिनदारांनी रिक्षाभाड्याचा आकडा लिहून घेतला. पुजाऱ्यांचा धाकटा मुलगा दाराशी उभा राहून सारे ऐकत होता. त्याने मध्येच विचारले, चाळणी कोणत्या भोकांची लागेल, बारीक की मोठ्या? त्याला गप्प करण्यात आले. ठराव पुढील बैठकीपर्यंत तहकूब आहे.